तापीथडीची धूप: ग्रामपंचायतीने काम कसे आखावे आणि पैसा कोठून आणावा

सरपंचताई,

शिंदखेडा तालुक्यातील तापीकाठच्या आपल्या गावाविषयी आपण जे विचारले आहे ते थोडक्यात असे: गावाच्या वरच्या अंगाला नदी वळण घेते, तेथील काठ दर पावसाळ्यात गावठाणाकडे सरकतो आहे, स्मशानभूमीची शेड दरडीच्या तोंडावर आली आहे, काही शेतकऱ्यांची जमीन थोडीथोडी नदीत गेली आहे, आणि ग्रामसभेने संरक्षक भिंतीचा ठराव केला आहे. हे काम कोणाचे, पैसा कोणत्या योजनेतून मिळेल, गेलेल्या जमिनीचे काय आणि शेड हलवावी की वाचवावी, हे आपले प्रश्न आहेत. मी पाटबंधारे खात्यात उपअभियंता म्हणून तापी, पांझरा आणि गिरणेच्या काठांवर बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

आपल्या ठरावात भिंत मागितली आहे. माझे म्हणणे असे की पहिला ठराव मोजमापाचा हवा. काठ कोठे, कशामुळे आणि वर्षाला किती मीटर सरकतो हे कागदावर नसेल, तर योग्य काम निवडता येत नाही आणि निधी देणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या गावाची निकड इतर पन्नास गावांपेक्षा वेगळी दिसत नाही.

काठ ढासळण्याची कारणे तापीवर एकच नसतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाहाचा जोर काठाच्या पायथ्याशी असतो, तेथील वाळू आणि पोयटा निघून जातो आणि वरची काळी माती आधार सुटल्यामुळे अख्ख्या फळीसारखी खाली येते. दुसरे कारण लोकांच्या लक्षात लवकर येत नाही. सुलवाडे आणि सारंगखेडा येथील बॅरेज (नदीवरचे दरवाज्यांचे बंधारे) यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात बॅरेजचे पाणी पावसाळा संपल्यावर कित्येक महिने काठाला टेकून उभे असते आणि माती आतपर्यंत भिजते. पाण्याची पातळी झपाट्याने उतरली की बाहेरून काठाला टेकू देणारे पाणी जाते, पण मातीच्या आतले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही, आणि दरड आतल्या दाबाने बाहेर फुगून खचते. पूर ओसरतानाही हेच होते. म्हणूनच पुरात टिकलेला काठ पूर उतरल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, ऊन पडलेले असताना कोसळलेला आपण पाहिला असेल. दरडीच्या कडेपासून दोन-तीन मीटर आत, काठाला समांतर भेग दिसत असेल तर हे कारण मुख्य आहे असे समजावे आणि त्या भेगेच्या पलीकडे, नदीच्या बाजूला, गुरे, ट्रॅक्टर आणि मुले जाणार नाहीत याची व्यवस्था आजच करावी.

तिसरे कारण नदीकडून येतच नाही. तापीच्या दोन्ही थड्यांना गाळाचा जाड थर असलेली जमीन आहे आणि तिच्यात शेतातून वाहणाऱ्या पाण्याने खोल घळी पडतात. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा या भागांत अशा घळींनी नदीकाठची जमीन मैल-मैल कुरतडलेली आहे. शेताच्या वरून येणारे पाणी दरडीच्या काठावरून खाली पडते, पडण्याच्या जागी खड्डा होतो, आणि तो खड्डा दर पावसाळ्यात मागे, म्हणजे गावाकडे सरकतो. अशा ठिकाणी नदीच्या बाजूने कितीही दगड रचला तरी उपयोग होत नाही, कारण पाणी भिंतीच्या मागून येते. तेथे वरच्या शेतांची बांधबंदिस्ती, घळीच्या डोक्याशी दगडी उतरण, घळीत ठिकठिकाणी अडथळे आणि पाणी सुरक्षित जागी उतरवणारा पक्का चर एवढे पुरते, आणि त्याचा खर्च भिंतीच्या तुलनेत फार थोडा असतो. वाळूचा बेसुमार उपसा हे चौथे कारण आहे. पात्र खोल गेले की काठाचा पायथा उघडा पडतो. आपल्या शिवारासमोर उपसा चालू असेल तर तो थांबवण्याचा अर्ज आणि काठाच्या कामाची मागणी एकाच दिवशी द्यावी, कारण पहिले झाल्याशिवाय दुसरे टिकणार नाही.

मोजमापासाठी मोठे यंत्र लागत नाही. दरडीच्या कडेपासून वीस मीटर आत, पंचवीस-पंचवीस मीटर अंतरावर सिमेंटचे छोटे खांब रोवावेत, त्यांना क्रमांक द्यावेत, आणि प्रत्येक खांबापासून कडेपर्यंतचे अंतर वर्षातून दोनदा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आणि पुन्हा कोजागिरीनंतर, टेपने मोजून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहावे. त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो घ्यावा. भूमी अभिलेख कार्यालयाचा जुना गाव नकाशा आणि उपग्रहाची जुनी चित्रे शेजारी ठेवली की मागील पंधरा-वीस वर्षांची सरकण गट क्रमांकानिशी दाखवता येते, त्यामुळे पहिल्याच वर्षी हातात काही ठोस राहते. हे काम शाळेचे शिक्षक, तलाठी आणि दोन शेतकरी मिळून करू शकतात. मी ज्या गावांत अशी वही पाहिली, तेथे पाहणीला येणारा अभियंता वळणावर उभा राहून अंदाज बांधत बसला नाही. तो थेट कामाच्या लांबीवर बोलला.

अधिकाराचा प्रश्न आता घेतो. नदी आणि तिचे पात्र महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 नुसार शासनाच्या मालकीचे आहे. त्यामुळे पात्रात किंवा काठाच्या उतारावर ग्रामपंचायत स्वतःच्या मर्जीने बांधकाम करू शकत नाही. जलसंपदा विभागाची संमती लागते, आणि बॅरेजच्या फुगवट्यात (अडवलेले पाणी मागे पसरते त्या पट्ट्यात) असाल तर तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या संबंधित विभागाची लागते. या महामंडळाचे मुख्यालय जळगावला आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या गावासाठी या रेषा आखल्या आहेत का हे लेखी विचारावे, कारण निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई असते आणि आपल्या शेडच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. ग्रामपंचायतीचे खरे सामर्थ्य मागणी नोंदवण्यात आहे. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असले पाहिजे, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे त्याचा पाठपुरावा झाला पाहिजे, आणि तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आराखड्यात आपले गाव धोक्याचे ठिकाण म्हणून नोंदले गेले पाहिजे. शेवटची नोंद बहुतेक गावे करत नाहीत, आणि पुढे आपत्तीच्या निधीचे दार त्यामुळेच बंद राहते.

कामाच्या निवडीवर मी जरा अधिक लिहितो, कारण येथेच पैसा वाया जातो. भिंत किंवा दगडी अस्तर (काठाच्या उतारावर बसवलेला दगडांचा थर) वरून ढासळत नाही, ते पायथ्याशी खचते. पुरात नदी आपला तळ खरवडते, आणि ही खरवड किती खोल जाईल याचा हिशेब लेसीच्या सूत्राने पुराचा विसर्ग आणि वाळूच्या कणांची जाडी घेऊन केला जातो. तेवढ्या खोलीपर्यंत पाया नेणे पाण्यात शक्य नसते, म्हणून अस्तराच्या पायथ्याशी पात्रात मोकळ्या दगडांचा रुंद थर पसरून ठेवतात. खरवड झाली की हे दगड आपोआप खाली घसरतात आणि नव्या उतारावर पांघरूण घालतात. या थराची रुंदी साधारणपणे खरवडीच्या खोलीच्या दीडपट धरतात. समजा, तळाखाली खरवड 6 मीटर निघाली, तर थर 9 मीटर रुंद आणि सुमारे 1 मीटर जाड हवा, म्हणजे काठाच्या प्रत्येक मीटर लांबीला 9 घनमीटर दगड. आता वरचा दिसणारा भाग पाहा. काठ 8 मीटर उंच असेल आणि त्याला दोनास एक (दोन आडवे, एक उभे) असा उतार दिला, तर उताराची लांबी जवळजवळ 18 मीटर होते, आणि अर्धा मीटर जाडीच्या अस्तराला तेथेही 9 घनमीटरच दगड लागतो. म्हणजे जो दगड उद्घाटनाच्या दिवशी कोणालाही दिसणार नाही, तो दिसणाऱ्या दगडाइतकाच आहे. 200 मीटर लांबीला दोन्ही मिळून 3,600 घनमीटर दगड लागेल. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडावा, म्हणजे अंदाजपत्रकातून नेमके काय कापले जाते आहे हे सर्वांना कळेल.

मी स्वतः हे कापले जाताना पाहिले आहे. एका गावात जाळीच्या दगडी पेट्यांची चांगली उंच भिंत आखली होती. मंजूर रक्कम मागणीपेक्षा कमी आली, आणि लांबी कमी करण्याऐवजी पायथ्याचा थर वगळण्यात आला, कारण लांबी कमी केली असती तर मागच्या घरांचे लोक रागावले असते. मी त्या फाईलवर लेखी हरकत घेतली नाही, फक्त तोंडी बोललो, आणि ती माझी चूक होती. दुसऱ्या पावसाळ्यात पेट्या मधोमध खाली झुकल्या, जाळी तुटली आणि दगड पात्रात गेले. पूर्ण पाया घालून अर्धी लांबी केली असती तर निदान ती अर्धी आज उभी असती. आपल्याकडे निधी अपुरा आला तर लांबी कमी करा, पायथा कमी करू देऊ नका, आणि हे ठरावात शब्दशः लिहा.

अस्तराच्या मागे गाळणीचा थर हवा. बारीक खडी किंवा विणकाम नसलेले भू-वस्त्र घातले नाही तर मातीतले पाणी बाहेर येताना पोयटा घेऊन येते आणि दगड आत धसतात. बॅरेजच्या पट्ट्यात, जेथे भिजलेल्या काठातून पाणी सतत झिरपते, तेथे हा थर वगळणे म्हणजे काम न केल्यासारखेच आहे. आय.एस. 14262 हे काठाच्या अस्तरासाठीचे भारतीय मानक आहे. अंदाजपत्रक त्याप्रमाणे आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी अभियंता सावध होतो. प्रवाह काठापासून दूर ढकलण्यासाठी पात्रात आडवे दगडी बांध घालण्याचा पर्याय आहे, पण ते चुकले तर समोरच्या किंवा खालच्या गावाचा काठ तुटतो, म्हणून नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अभ्यास झाल्याखेरीज ते मागू नयेत. उताराच्या वरच्या भागात, जेथे पाणी क्वचितच चढते, तेथे वाळा, बांबू आणि करंज लावणे उत्तम. पायथ्याच्या धुपेवर मात्र झाडे हा उपाय नाही.

आता पैशाकडे येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचे दोन भाग केले: 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेले, आणि 40 टक्के अबंधित. काठाचे काम बंधित भागात बसत नाही. अबंधित भागातून करता येते, पण आपल्या आकाराच्या गावाचा हा भाग पाहता त्यातून मोजणीचे खांब, वरच्या बाजूचा चर आणि आराखड्याचे शुल्क एवढेच परवडेल. पुढील काळासाठीचे चालू आदेश पंचायत समितीत पाहून घ्यावेत. घळीची कामे, बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड रोजगार हमीतून होऊ शकतात, परंतु तेथे मजुरी 60 आणि साहित्य 40 हे प्रमाण फार काळापासून पाळले जाते, आणि दगडी अस्तरात साहित्याचा वाटा त्याहून कितीतरी जास्त असतो. अस्तर रोजगार हमीत बसवण्याचा आग्रह धरला की प्रस्ताव टेबलांवर फिरत राहतो.

मधल्या आकाराच्या कामासाठी जिल्हा वार्षिक योजना हा मुख्य मार्ग आहे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती तिला मान्यता देते. येथे वेळेचे गणित समजून घ्यावे. तापीचे पाणी सर्वांत खाली एप्रिल-मेमध्ये असते आणि पायथ्याचा थर टाकायचा तो तेव्हाच. निधी मात्र पुष्कळदा वर्षाच्या शेवटी सुटतो आणि 31 मार्चपूर्वी खर्ची टाकण्याची घाई होते, म्हणून पाणी उभे असताना, तळ न पाहता दगड टाकला जातो. जिल्हा परिषदेला दिलेला निधी खर्च करण्यास दोन वर्षांची मुभा असते. त्यामुळे छोटे काम लघु पाटबंधारे विभागामार्फत मागितले तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहता येते. त्याच उन्हाळ्यात बॅरेजची पातळी काही आठवडे खाली ठेवावी अशी विनंती सहा महिने आधी करावी लागते, कारण त्या पाण्यावर उपसा योजना आणि पिण्याच्या पाण्याचे आरक्षण असते. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातील, गाव असते तर आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के थेट निधी हा आणखी एक आधार झाला असता.

आपत्तीच्या निधीबद्दल मोठा गैरसमज आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचा 80 टक्के भाग प्रतिसादासाठी (आपत्ती आल्यावरच्या मदतीसाठी) आणि 20 टक्के सौम्यीकरणासाठी (धोका आधीच कमी करण्यासाठी) ठेवला, आणि राष्ट्रीय पातळीवर नदी व समुद्रकिनाऱ्याची धूप कमी करण्यासाठी 1,500 कोटी रुपये, तर धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी रुपये वेगळे दाखवले. हे वाचून अनेक गावे थेट भिंतीचा प्रस्ताव पाठवतात. पण त्याच आयोगाने म्हटले आहे की समुद्राच्या संरक्षक भिंती आणि पुराचे तटबंध यांसारखी मोठी बांधकामे सौम्यीकरण निधीतून नव्हे, तर नियमित विकास योजनांतून करावीत. हा निधी स्थानिक, लोकसहभागाच्या छोट्या उपायांसाठी आहे. म्हणून आपल्या गावाने त्यातून धोक्याच्या रेषेची आखणी, घळींचे उपचार, शेडचे स्थलांतर अशा गोष्टी मागाव्यात आणि अस्तर जलसंपदा विभागाच्या अर्थसंकल्पातून मागावे. केंद्राच्या पूर व्यवस्थापन कार्यक्रमात 2021-26 या काळासाठी सर्वसाधारण राज्यांना केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटा ठरला होता, पण तो मोठ्या नदीपट्ट्यांच्या प्रकल्पांसाठी आहे, एका वळणासाठी नव्हे.

गेलेल्या जमिनीसाठी, नदीने प्रवाह बदलून जमीन वाहून नेली असेल तर अल्प व अत्यल्पभूधारकांना आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांनुसार हेक्टरी 47,000 रुपये मिळण्याची तरतूद होती. ही रक्कम त्या काळ्या जमिनीच्या किमतीपुढे फार तुटपुंजी आहे, हे मी जाणतो. तरीही पंचनामा करून घ्यावाच, कारण त्या पंचनाम्यातून धुपेची सरकारी नोंद होते आणि पुढच्या प्रस्तावाला तीच जोडता येते. गेलेल्या क्षेत्राचा सारा कमी करून सातबारा दुरुस्त करून घेण्याचा अर्जही शेतकऱ्यांनी सोबत द्यावा.

देखभालीसाठी आपल्या कोणत्याही योजनेत पैसा नसतो, आणि आपल्या पद्धतीतले सर्वांत मोठे वैगुण्य मला हेच वाटते. अमेरिकेत समुद्रकिनाऱ्याची धूप रोखण्यासाठी किनाऱ्यावर वाळू भरतात. तेथे केंद्र सरकार सुरुवातीच्या कामाचा साधारण 65 टक्के आणि नंतरच्या प्रत्येक भरावाचा 50 टक्के खर्च देते, उरलेला वाटा राज्य आणि किनाऱ्यावरच्या गावांचा असतो, आणि त्यासाठी कित्येक गावे पाहुण्यांच्या मुक्कामावर कर बसवतात. प्रकल्प आखतानाच 50 वर्षांच्या भरावांचा हिशेब केलेला असतो. नेदरलँड्समध्ये पाण्यासाठी वेगळी स्थानिक मंडळे शेकडो वर्षांपासून आहेत आणि ती स्वतःचा कर घेतात. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनात, बंधारा आणि पाट यांची दुरुस्ती लाभधारक आपसांत खर्च व श्रम वाटून करत आले, पाणी वाटायला पाटकरी आणि राखणीला जागल्या नेमत आले, आणि त्या बळावर बंधारे तीनशे वर्षे चालले. काठाच्या अस्तरासाठीही असे करता येते. ज्या गटांची जमीन वाचणार आहे त्यांनी हेक्टरी ठरलेली छोटी रक्कम दरवर्षी ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात भरावी, ग्रामपंचायतीने तेवढीच घालावी, आणि दर कोजागिरीनंतर निसटलेले दगड परत बसवावेत, तुटलेली जाळी बांधावी. जेव्हा दहा दगड निसटले असतात तेव्हा दुरुस्ती दोन माणसांच्या एका दिवसाच्या मजुरीत होते. ती एक वर्ष राहिली की नवे अंदाजपत्रक लागते.

शेवटी स्मशानभूमीची शेड. ती हलवा. काठ तिच्यापर्यंत आला असेल तर ती वाचवण्यासाठी लागणाऱ्या दगडाची किंमत नव्या शेडच्या कितीतरी पट होईल, आणि भेगेच्या नदीकडच्या बाजूला उभे राहून अंत्यविधी करणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात राहील. वडीलधाऱ्यांना जागा सोडणे जड जाईल, म्हणून गावाशी आधी बोला आणि नदीपर्यंत जाण्यासाठी नव्या जागेजवळ, आपल्याच काठावर जेथे वाळू साचते तेथे, पायऱ्यांची उतरण ठेवा. तेथे काठ तुटत नाही. नवी जागा निळ्या रेषेच्या बाहेर, गायरानात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणीचा ठराव याच ग्रामसभेत घ्या. अस्तर फक्त गावठाणासमोरच्या लांबीपुरते मागा. तेथील अंतरे कोजागिरीनंतर मोजून पाठवलीत तर अंदाजपत्रकाचा मसुदा मी तपासून देईन.